तुमचे प्रश्न : टॅपेट घरच्या घरी तपासताना

टॅपेटच्या फटीबद्दल, म्हणजे बंद व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यात ठेवलेल्या बारीक मोकळ्या जागेबद्दल, आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. स्क्रू आणि लॉकनटवाल्या इंजिनांचे (फट स्क्रूने लावून नटाने पक्की करायची) आधी, शिमवाल्यांचे (फट ठराविक जाडीच्या चकतीने ठरते) नंतर. उत्तरांतले आकडे फक्त अंदाज यावा म्हणून दिले आहेत. लावायचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचे आकडेही वेगळे असतात.

प्रश्न : माझ्या गाडीचे टॅपेट अजिबात वाजत नाहीत. मेकॅनिकचं म्हणणं, आवाज आला की बघू. तरीही ते तपासावेत का?

आधी तपासायला हवेत ते न वाजणारेच. फट वाढली की टकटक ऐकू येते, लोक गाडी घेऊन गॅरेजात जातात आणि काम होऊन जातं. फट कमी झाली तर आवाज उलट कमी होतो, इंजिन 'स्मूद' वाटायला लागतं, आणि नुकसान मात्र तिथेच होत असतं.

व्हॉल्व्ह सीटवर सतत आपटतो, त्यामुळे त्याचा काठ आणि सीट दोन्ही हळूहळू झिजतात. व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित आत बसतो, त्याची दांडी तेवढीच रॉकरकडे (फिरणाऱ्या कॅमच्या उंचवट्याचा धक्का व्हॉल्व्हला देणाऱ्या लिव्हरकडे) सरकते आणि फट आकसते. स्क्रूचं टोक, रॉकर आणि कॅम झिजले की उलट होतं, फट वाढते. कोणती झीज जास्त यावर फट कुठे जाणार ते ठरतं. लहान स्क्रूवाल्या इंजिनांत दोन्ही प्रकार दिसतात. बकेट (व्हॉल्व्हवर उपडी बसणारी वाटी) आणि शिमवाल्या इंजिनांत फट बहुतेकदा कमीच होत जाते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हला याचा जास्त फटका बसतो. चालू इंजिनात त्याचं डोकं 600-700 अंश सेल्सिअसच्या घरात तापतं आणि त्यातली बरीचशी उष्णता तो सीटला टेकलेला असताना हेडमध्ये जाते. गरम झाल्यावर फट शून्य झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही. मग उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते आणि वर जळते गॅस त्या बारीक फटीतून सुटत राहतात. काठाचा एक भाग जळून जातो. त्यानंतर टॅपेट लावून काही होत नाही, हेड उतरवावं लागतं.

सकाळी गाडी नीट सुरू होते, पण दहा-पंधरा किलोमीटरनंतर सिग्नलला स्लो पडते, बंद झाली तर गरम असताना लवकर सुरू होत नाही, किकला कॉम्प्रेशन हलकं लागतं : यातलं काही जाणवत असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टॅपेट मोजा. लहान एअरकूल्ड सिंगल सिलिंडरला साधारण 3,000 ते 6,000 किलोमीटरला तपासणी सांगितलेली असते. शिमवाल्या इंजिनांत हा आकडा 10,000 पासून थेट 40,000 पर्यंत जातो.

प्रश्न : सिंगल सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, स्क्रू-लॉकनट. सामान काय लागेल आणि क्रम काय?

फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पातींचा संच) घेताना पहिली पात कितीची आहे ते बघा. कारसाठीचे बरेच गेज 0.10 किंवा 0.15 मिलिमीटरपासून सुरू होतात, तुम्हाला 0.04 पासून लागेल. रॉकरखाली सरळ पात घुसत नसेल तर टोकाला वाकवलेल्या पातींचं गेज सोयीचं पडतं. त्याशिवाय प्लग पाना, लॉकनटच्या मापाचा रिंग पाना (बहुधा 8, 9 किंवा 10), स्क्रूच्या चौकोनी टोकाची टॅपेट किल्ली, मॅग्नेट कव्हरच्या (क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या मॅग्नेटवरच्या कव्हरच्या) झाकणासाठी मोठा स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की, आणि स्वच्छ फडकं. टॅपेट कव्हरच्या ओ-रिंग नव्या आणून ठेवा. टॉर्क पाना असला तर उत्तमच.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. अनेक मॅन्युअलमध्ये इंजिन 35 अंशांच्या खाली असावं अशी अट असते. तासाभरापूर्वी बंद केलेलं इंजिन हाताला कोमट लागत असलं तरी मापायच्या कामाचं नाही.

प्लग काढण्याआधी त्याच्याभोवतीची माती ब्रशने किंवा हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाईल. प्लग काढल्यावर क्रँक हाताने सहज फिरतो. मग दोन्ही टॅपेट कव्हर आणि मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं काढा, एक मधलं आणि एक खुणा बघायचं. ही झाकणं नरम ॲल्युमिनियमची असतात. खाचेत पूर्ण न बसणारा स्क्रू ड्रायव्हर लावलात तर खाच कुरतडली जाते, म्हणून आधी झाकणावर हलका ठोका द्या आणि मग जोर लावा.

मधल्या भोकातून मॅग्नेटच्या नटावर सॉकेट लावून क्रँक इंजिनाच्या चालायच्या दिशेनेच फिरवा. मॅग्नेट डावीकडे असलेल्या बहुतेक गाड्यांत ही दिशा घड्याळाच्या उलटी असते. खात्री नसेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे फिरवा आणि मॅग्नेट कुठे वळतं ते पाहा. नजर इनटेकच्या रॉकरवर ठेवा. तो व्हॉल्व्ह दाबून खाली जाईल आणि परत वर येईल. वर आला की वेग कमी करा, कारण आता पिस्टन कॉम्प्रेशनवर चढतो आहे. खिडकीत आधी F दिसेल. ती खूण इग्निशनची, तिथे थांबायचं नाही. थोडं पुढे T येईल, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची खूण. तिची रेघ कव्हरवरच्या खाचेसमोर आणा.

आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्हींत बारीकसा खेळ जाणवला तर जागा बरोबर. एकातही खेळ नसेल तर तुम्ही चुकीच्या T वर असण्याची शक्यता आहे. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

काहीही ढिलं करण्याआधी आहे ती फट मोजून तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. दर वेळी एक्झॉस्टची फट आधीपेक्षा झपाट्याने कमी होत असेल तर सीट खचतेय, हे या वहीतूनच कळतं.

मग लॉकनट अर्धा फेरा सैल करा, हवी ती पात स्क्रूच्या टोकाखाली घाला आणि पात हलकी धरली जाईपर्यंत स्क्रू बोटांच्या जोरानेच फिरवा. स्क्रू किल्लीने जागेवर धरून नट कसा. पात काढून पुन्हा मोजा. हे शेवटचं मोजणं गाळू नका. नट कसताना आट्यांतला ढिलेपणा भरून निघतो, स्क्रू किंचित वर ओढला जातो आणि फट वाढते. उलट, स्क्रू नटाबरोबर फिरला तर फट घटते. शतांशांच्या खेळात एवढा फरक पुरतो. सरावाने लक्षात येतं की आपल्या हाताने कसताना साधारण किती फरक पडतो, मग आधीच तेवढं कमी-जास्त धरायचं.

स्क्रूची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.5 मिलिमीटर असेल तर पूर्ण फेऱ्याला फट 0.5 ने बदलते, म्हणजे 0.05 साठी फक्त एक दशांश फेरा. पाव फेरा फिरवून 'जरासंच' केलं म्हणणाऱ्याने फट 0.12 ने हलवलेली असते.

नट किती कसायचा? लहान इंजिनांत साधारण 8 ते 14 न्यूटन-मीटर. लांब पाना लावून ताकद काढलीत तर स्क्रूचे आटे जातात. सैल ठेवलात तर नट चालत्या गाडीत सुटतो. झाकणं बंद करण्याआधी क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा T वर आणा आणि दोन्ही फटी शेवटच्या एकदा मोजा.

प्रश्न : पात 'हलकी अडकली पाहिजे' म्हणतात. हलकी म्हणजे किती?

जड पुस्तकाखालचा कागद ओढताना जेवढा विरोध लागतो, साधारण तेवढा. पण हाताचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून दोन पातींनी पडताळा घ्या. आकडा 0.08 असेल तर 0.08 ची पात घासत जायला हवी आणि 0.10 ची जाऊच नये. 0.10 जोर लावून घुसली तर ती गेली असं समजू नका. जोराने व्हॉल्व्हची स्प्रिंग किंचित दबते आणि पात आत जाते. 0.06 ची पात अगदी मोकळी सरकली आणि 0.08 ची अजिबात गेली नाही, तर फट 0.07 च्या आसपास आहे.

पातीवर तेलाचा पातळ थर ठेवा आणि ती सरळ रेषेत घाला. 0.05 ची पात पटकन दुमडते. दुमडलेल्या पातीने फट खरी असते त्यापेक्षा लहान वाटते, तेव्हा अशी पात फेकून द्या.

एकाच रॉकरवर दोन स्क्रू असलेल्या चार व्हॉल्व्हच्या हेडात एकाच मापाच्या दोन पाती दोन्ही स्क्रूंखाली एकदम घाला. एकीकडेच घातली तर रॉकर किंचित कलतो आणि दुसरीकडचं माप फसवं येतं.

प्रश्न : टॅपेट सेट केले आणि गाडी आधीपेक्षा जास्त खडखडायला लागली. पिकअपही गेला. T बरोबर जुळवला होता.

T बरोबर होता, फेरा चुकला. चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो, म्हणजे T दोनदा खाचेसमोर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद. आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक्झॉस्ट अजून पूर्ण मिटलेला नसतो आणि इनटेक उघडायला लागलेला असतो. तुम्ही या दुसऱ्या T वर काम केलंत. रॉकर दाबलेले असल्यामुळे पात जाईना, म्हणून स्क्रू सोडत गेलात. व्हॉल्व्ह खरोखर बंद झाल्यावर ती फट आवश्यकतेपेक्षा कितीतरी मोठी निघाली. व्हॉल्व्ह आता उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि पुरेसा खाली जात नाही. आवाज आणि पिकअप, दोन्ही तक्रारींचं कारण एकच.

गाडी अशी फार चालवू नका, मोठ्या फटीमुळे प्रत्येक उघडझापेला ठोका बसतो. पुन्हा उघडा, इनटेकचा रॉकर खाली जाऊन वर येताना बघा आणि त्यानंतर येणारा T धरा. प्लगच्या भोकावर बोट ठेवलंत तर कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात हवा बोट उडवते, ही आणखी एक खूण. काही जण प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन वर आला का बघतात. पिस्टन दोन्ही फेऱ्यांत वर येतो, म्हणजे हवी ती माहिती मिळतच नाही, आणि स्क्रू ड्रायव्हर तिरका अडकला तर पिस्टनला किंवा प्लगच्या आट्यांना दुखापत होते ती वेगळी.

प्रश्न : एक्झॉस्टची फट दर वेळी वेगळी येते. इनटेक मात्र स्थिर आहे.

तुमच्या कॅमवर ऑटो-डिकॉम्प्रेसर असणार. सुरू करताना इंजिन हलकं फिरावं म्हणून तो कमी वेगात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. क्रँक T च्या पुढे गेला म्हणून तुम्ही उलटा फिरवून परत आणला, तर काही रचनांत हा डिकॉम्प्रेसर गुंततो आणि फट नाहीशी झाल्यासारखी दिसते. तेव्हा T हुकला तर मागे यायचं नाही. पुढेच दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा T गाठायचा. मॅन्युअलमध्ये या कॅमसाठी वेगळी खूण दिली असेल तर तीच धरा.

प्रश्न : फट अचूक आहे, दोनदा तपासली. तरी टकटक जात नाही.

दोन शक्यता. पहिली, स्क्रूच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांडीने खळगा पाडला आहे. सपाट पात त्या खळग्याच्या काठांवर टेकते, खोलीत उतरत नाही. गेज 0.08 दाखवतं आणि खरी फट 0.12 किंवा त्याहून जास्त असते. स्क्रू पूर्ण काढून टोक उजेडात तिरकं धरा. गोल डाग नुसता चकाकत असेल तर ठीक, नख अडकत असेल तर स्क्रू बदला. घासून सपाट करायच्या फंदात पडू नका, वरचा कडक थर गेला की नरम धातू काही दिवसांतच पुन्हा खचतो. रॉकरचा कॅमवर घासणारा भाग आणि कॅमचा उंचवटाही याच वेळी बघा, तिथे खवले किंवा ओरखडे असतील तर फट लावून उपयोग नाही.

दुसरी शक्यता, आवाज टॅपेटचा नाहीच. टॅपेटची टकटक क्रँकच्या निम्म्या वेगाने येते, म्हणजे 1,400 आरपीएमला एका व्हॉल्व्हचे मिनिटाला 700 ठोके. टायमिंग चेन सैल असेल तर आवाज चेनच्या बाजूने खळखळल्यासारखा येतो आणि ॲक्सिलरेटर सोडताना वाढतो. सायलेन्सरचं पॅकिंग हेडजवळ फुटलं असेल तर थंड असताना हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते आणि इंजिन तापल्यावर कमी होते. फ्युएल इंजेक्टरही टिकटिकतोच. ती बारीक, एकसारखी असते आणि तिच्यावर उपाय करायची गरज नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठिकठिकाणी टेकवून मुठीला कान लावलात तर उगम सापडतो. कॅमच्या बेअरिंगचा आवाज मात्र यानेही टॅपेटपासून वेगळा काढणं कठीण जातं.

प्रश्न : गरम इंजिनात टॅपेट लावणं जास्त बरोबर नाही का? गाडी तर गरमच चालते.

नाही. मॅन्युअलमधला आकडा थंड इंजिनाचा असतो आणि तापल्यावर काय होईल याचा हिशोब त्यातच धरलेला असतो. पुशरॉडच्या (खालच्या कॅमचा धक्का दांडीने वर नेणाऱ्या) काही जुन्या इंजिनांत तर थंड असताना फट शून्य ठेवायला सांगत : पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ॲल्युमिनियमचं हेड आणि सिलिंडर लोखंडी पुशरॉडपेक्षा जास्त फुगतात, म्हणून तिथे फट तापल्यावर उघडते. तो नियम ओव्हरहेड कॅमच्या (कॅम हेडमध्येच असलेल्या) इंजिनाला लावलात तर व्हॉल्व्ह जाळून बसाल. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) असतील तर लावण्यासारखं काही नसतंच.

प्रश्न : माझं इंजिन डबल कॅम, बकेट आणि शिमचं आहे. घरी जमेल का? हिशोब कसा करायचा?

मोजणं घरी नक्की जमेल. कॅमचं टोक बकेटपासून दूर वळलेलं असताना गोल बाजू आणि बकेट यांच्यात पात घालायची, बाकी सगळं वरच्यासारखंच. मापं बसत असतील तर कव्हर बंद करा, काम संपलं. शिम बदलायचा म्हणजे कॅम काढायचे, आणि तिथे टॉर्क पाना व मॅन्युअल नसताना हात घालू नये.

हिशोब असा : नवा शिम = जुना शिम + मोजलेली फट − हवी असलेली फट. समजा एक्झॉस्टला 0.20 ते 0.25 हवी, मोजली 0.12 आणि शिमवर 185 लिहिलं आहे, म्हणजे 1.85 मिलिमीटर. मध्य 0.225 धरला तर 1.85 + 0.12 − 0.225 = 1.745. जवळचा शिम 1.75, आणि तो घातल्यावर फट येईल 0.22. शिम 0.05 च्या टप्प्यांत मिळतात, काही इंजिनांसाठी 0.025 च्या. दोन मापांत निवड करायची वेळ आली तर, मर्यादेच्या आत राहून, जास्त फट देणारा शिम घ्या, कारण इथे फट पुढे कमीच होणार आहे. शिमवरचा आकडा पुसट असेल किंवा शिम जुना असेल तर मायक्रोमीटरने मोजा. व्यासही बघा, 7.48 आणि 9.48 दोन्ही प्रचलित आहेत. सगळी मापं कागदावर मांडल्यावर कधीकधी असं निघतं की एका व्हॉल्व्हचा शिम दुसऱ्याला चालतो, मग विकत कमी आणावे लागतात.

कॅम काढताना गफलती होतात त्या ठरलेल्या जागी. चेनच्या बोगद्यात फडकं कोंबा, शिम आत पडला तर क्रँककेसपर्यंत जातो. स्प्रॉकेटवरच्या खुणांचा फोटो घ्या, खुणांमधल्या चेनच्या पिन मोजा आणि चेन तारेने वर बांधून ठेवा. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) काढला की क्रँक फिरवायचा नाही. कॅम होल्डरचे बोल्ट तिरक्या क्रमाने, एका वेळी अर्धाच फेरा सैल करा. एका बाजूने पूर्ण सोडले तर स्प्रिंगच्या जोराने कॅम वाकडा उचलला जातो आणि होल्डर तडकतो. बकेट ज्या भोकातली त्याच भोकात जायला हवी.

परत बसवताना हे बोल्ट साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटरचे असतात, हेडच्या ॲल्युमिनियममधले आटे त्याहून फारसं सोसत नाहीत. टेन्शनर मागे घेऊन लॉक करून बसवा, मग सोडा. कॅमवर तेल लावा आणि प्लग काढलेला असतानाच क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. कुठे टणक अडलं तर तिथेच थांबा. चेन एक दात चुकली असेल तर ते अडणं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचं असतं, आणि सेल्फ मारला असता तर तो वाकला असता.

प्रश्न : चार सिलिंडरला प्रत्येकाचा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) वेगळा शोधायचा का?

गरज नाही. फायरिंग ऑर्डर 1-2-4-3 असलेल्या इनलाइन फोरमध्ये पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. त्या स्थितीत पहिल्याचे इनटेक आणि एक्झॉस्ट, दुसऱ्याचे एक्झॉस्ट आणि तिसऱ्याचे इनटेक मोजता येतात. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून उरलेले मोजा : चौथ्याचे दोन्ही, दुसऱ्याचे इनटेक, तिसऱ्याचे एक्झॉस्ट. दोन सिलिंडरच्या इंजिनांत क्रँकचा कोन 180, 270 की 360 अंशांचा आहे यावर सगळं अवलंबून असल्याने तिथे प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र धरलेला बरा.

प्रश्न : काम झाल्यावर टॅपेट कव्हरमधून तेल पाझरतंय. कव्हर अजून कसू का?

कसू नका, आटे जातील. जुनी ओ-रिंग चपटी आणि कडक झालेली असते, नवी टाका आणि तिला तेलाचं बोट लावून बसवा. खाचेत जुन्या सिलिकॉनचे तुकडे असतील तर ते आधी काढा. मोठ्या हेड कव्हरला रबराचं पॅकिंग असेल तर कडेचे अर्धगोल भाग नीट बसलेत का बघा. गळती बहुतेक वेळा त्यांच्या कोपऱ्यांतून होते, आणि सिलिकॉनचा ठिपका लावायचा झाला तर तेवढ्या कोपऱ्यांनाच. काम झाल्यावर स्लो (ॲक्सिलरेटर न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) थोडा वरखाली झालेला दिसेल. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो इंजिन पूर्ण तापल्यावर, दहा मिनिटं चालवून मगच लावा.